नावांचा जुना बाजार आणि आमच्या संस्थांची बेफिकिरी

नावाचे महत्त्व आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे आणि शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असा नियमच मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात घालून दिलेला आहे. कचरू, धोंडू, दगडू, भिकी ही नावे आमच्या आजा-पणजांच्या वाट्याला आली, ती या व्यवस्थेतून आली. १९२७ साली महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले, १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आमच्या घराघरांत गौतम, राहुल, सुजाता, प्रज्ञा ही नावे नांदू लागली. पुढे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला. ते नाव विद्यापीठाच्या पाटीवर यायला मात्र १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या साडेपंधरा वर्षांत वस्त्या जळाल्या, बायाबापड्यांची विटंबना झाली, पोचिराम कांबळेंसारख्या भीमसैनिकांनी प्राण दिले. एका नावासाठी एवढी किंमत मोजणारा दुसरा समाज या देशात आम्हाला दाखवा!

तोच समाज आज इंटरनेटवरची आपली नावे वर्षाला हजार-दीड हजार रुपये वेळेवर न भरल्यामुळे घालवून बसतो आणि त्याची कुणाला खंतही वाटत नाही. या नावांचा जगभर एक मोठा बाजार चालतो, त्यात जुन्या, वापरून सोडलेल्या नावांना नव्या नावांपेक्षा जास्त भाव मिळतो, याची आमच्या बहुतेक संस्थाचालकांना गंधवार्ताही नाही. म्हणून आज या विषयावर आम्ही थोडे सविस्तर लिहिणार आहोत.

मालकी नव्हे, भाडेपट्टा

संकेतस्थळाचा पत्ता म्हणजे डोमेन नेम. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ साली अमेरिकेत नावांची पद्धत तयार झाली. १५ मार्च १९८५ रोजी पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले. सुरुवातीला ही नोंदणी फुकट होती. १९९५ पासून दोन वर्षांना शंभर डॉलर असे शुल्क सुरू झाले. १९९८ मध्ये या सर्व कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी ‘आयकॅन’ ही संस्था अमेरिकेत स्थापन झाली. आपल्याकडे डॉट इन या नावांचा कारभार ‘निक्सी’ ही संस्था पाहते आणि २००५ पासून ही नावे सर्वसामान्यांना खुली झाली. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत हा पत्ताही घेता येतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ‘आम्ही डोमेन विकत घेतले’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात कोणीही डोमेन कायमचे विकत घेत नाही. तो भाडेपट्टा असतो. कमीत कमी एक वर्षाचा, जास्तीत जास्त दहा वर्षांचा. मुदत संपण्याआधी भाडे भरले तर नाव तुमच्याकडे राहते, नाही भरले तर जाते. आणि भाडेकरू कोण, हे ठरते नोंदणीच्या दप्तरात कोणाचे नाव आणि कोणाचा ईमेल आहे त्यावरून. हे दप्तर म्हणजे त्या नावाचा सातबारा समजा. उताऱ्यावर ज्याचे नाव, त्याचे शेत. वतनाच्या जमिनींचे काय झाले, हे आमच्या माणसांना वेगळे सांगायला नको. जमीन आमची, कसणारा दुसरा, आणि काही वर्षांनी उताऱ्यावर नाव तिसऱ्याचेच. इंटरनेटवर हेच घडते. फरक एवढाच की येथे त्याला दोन पिढ्या लागत नाहीत, दोन-अडीच महिने पुरतात.

नाव कसे जाते?

डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग नावाची मुदत संपली की ते त्याच दिवशी मोकळे होत नाही. नोंदणी करणारी कंपनी साधारणपणे काही दिवस, जास्तीत जास्त ४५ दिवस, वाट पाहू शकते. त्यानंतर ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत असते. या काळात जुना नोंदणीदार जादा दंड भरून नाव परत मिळवू शकतो. त्यानंतर पाच दिवस नाव कोणालाच मिळत नाही आणि मग ते दप्तरातून पुसले जाते. ज्या क्षणी पुसले जाते त्याच क्षणी ते पकडण्यासाठी जगभरातल्या कंपन्यांचे संगणक टपून बसलेले असतात. माणसाने बटण दाबून हे नाव मिळवायचे म्हटले तर ते अशक्यप्राय आहे.

पण पुष्कळदा नाव तेथपर्यंत जातही नाही. अनेक नोंदणी कंपन्या वाट पाहण्याच्या काळातच ते नाव आपल्या लिलावात लावतात. म्हणजे ज्याच्याकडे आपण भाडे भरत होतो, तोच आपली जागा दुसऱ्याला लिलावाने देतो! यात त्याला नफा आहे. भाडे भरणारा जुना गरीब भाडेकरू परवडतो की बोली लावणारा नवा व्यापारी, याचे उत्तर व्यापाऱ्याच्या वहीत आधीच लिहिलेले असते.

या लिलावांचा कारभार किती स्वच्छ असतो, याचेही एक उदाहरण देतो. २००९ साली अमेरिकेतील ‘स्नॅपनेम्स’ या लिलाव कंपनीला जाहीर कबुली द्यावी लागली की, तिचाच एक कर्मचारी २००५ पासून खोटे नाव घेऊन स्वतःच्याच कंपनीच्या लिलावांत बोली लावत होता आणि भाव चढवत होता. ज्यांना त्यामुळे जादा पैसे मोजावे लागले त्यांना कंपनीने फरक परत देऊ केला. बाजार समितीत व्यापारी आणि आडते संगनमत करतात तेव्हा शेतकऱ्याचे जे होते, तेच येथे झाले.

जुन्या नावाला भाव का?

साधा प्रश्न आहे. कोणीतरी सोडून दिलेले नाव दुसऱ्याला कशाला हवे? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण, नाव छोटे आणि सर्वांच्या तोंडचे असते. ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला घेतले गेले आणि १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला विकले गेले. ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे नाव २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला गेले. कारखाना नाही, कामगार नाही, माल नाही, फक्त एक शब्द! अशा शब्दांची मोक्याच्या जागेसारखी किंमत येते. हजारो नावे पडून ठेवायची, दरवर्षी भाडे भरायचे आणि गिऱ्हाईकाची वाट पाहायची, हा अनेकांचा पूर्णवेळ धंदा आहे. त्यात बहुतेक नावे कधीच विकली जात नाहीत, ही गोष्ट या धंद्याची जाहिरात करणारे मात्र सांगत नाहीत.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जुन्या नावाला पत असते. वर्तमानपत्रांनी, विद्यापीठांनी, इतर संस्थांनी त्या पत्त्याकडे बोट दाखवणारे दुवे दिलेले असतात. शोधयंत्रे अशा दुव्यांवरून कोणते स्थळ विश्वासाचे ते ठरवतात. दहा वर्षे प्रामाणिकपणे काम करून एखाद्या संस्थेने मिळवलेली ही पत, नाव घेणाऱ्याला आयती मिळते. मग त्या पत्त्यावर जुगार, कर्ज आणि बनावट औषधे यांच्या जाहिराती लागतात. हा प्रकार एवढा बोकाळला की मार्च २०२४ मध्ये गुगलला आपल्या नियमांत मुदत संपलेल्या डोमेनच्या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कलम घालावे लागले.

तिसरे कारण, त्या नावावर येणारी टपाल. हे आमच्यासाठी सर्वांत गंभीर आहे आणि त्याबद्दल पुढे लिहितो.

दुसऱ्याच्या हाती गेलेले नाव काय करते?

‘मार्टिन ल्यूथर किंग डॉट ऑर्ग’ या पत्त्याची कथा आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असली पाहिजे. डॉ. किंग हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्याचे नेते. त्यांच्या नावाचा हा पत्ता १९९९ मध्ये कोणी घेतला? कु क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेत वावरलेल्या आणि ‘स्टॉर्मफ्रंट’ हे गोऱ्या वर्चस्ववाद्यांचे व्यासपीठ चालवणाऱ्या माणसाने! वरवर पाहता ते अभ्यासाचे संकेतस्थळ वाटे. आत डॉ. किंग यांची बदनामी भरलेली होती. शाळेतली मुले प्रकल्पासाठी शोध घेत आणि हे स्थळ त्यांना वरच्या क्रमांकांत सापडे. सुमारे दोन दशके हे चालले. डॉ. किंग यांच्या अनुयायांकडे विद्वत्ता नव्हती काय, पैसा नव्हता काय, संघटना नव्हत्या काय? सर्व काही होते. शत्रू नोंदणीच्या खिडकीवर आधी पोचला, एवढेच.

राजकारणातही हे हत्यार वापरले गेले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी झगडणाऱ्या जेब बुश यांच्या नावाचा डॉट कॉम पत्ता उघडला की तो त्यांचे प्रतिस्पर्धी डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारस्थळावर नेऊन सोडत असे. माजी राष्ट्राध्यक्षांच्या मुलाची ही गत, तर आमच्या तालुका पातळीवरच्या संघटनेचे काय?

‘द हेअरपिन’ हे स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेले अमेरिकेतील एक चांगले संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद पडले. त्याचे नाव पुढे सर्बियातील एका व्यापाऱ्याच्या हाती लागले आणि तेथे यंत्राने लिहिलेला भुसा भरला गेला. जुने काही लोकप्रिय लेख तसेच ठेवून त्यावरची लेखिकांची नावे पुसून पुरुषांची नावे टाकण्यात आल्याचे २०२४ च्या सुरुवातीला ‘वायर्ड’ या नियतकालिकाने उघड केले. लिहिणारी एक आणि नाव भलत्याचे! शोषितांच्या श्रमावर दुसऱ्याचे नाव लागण्याची ही तऱ्हा आम्हाला नवी आहे काय?

आता टपालाबद्दल. पत्ता ज्याच्या हाती जातो, त्याच्या हाती त्या पत्त्यावरचे सर्व ईमेलही जातात. समजा, अत्याचारग्रस्तांना कायदेशीर मदत करणाऱ्या एका संस्थेचे नाव सुटले. संस्थेच्या जुन्या पत्रकांवर, पुस्तिकांवर, वकिलांच्या वहीत तोच ईमेल छापलेला असतो. खेड्यातली एखादी पीडित मुलगी किंवा तिचा भाऊ धीर करून त्या पत्त्यावर आपली कहाणी, नावगावासकट, एफआयआरच्या प्रतीसकट पाठवतो. ते पत्र कोणाच्या हाती पडणार? ज्याने तीस-चाळीस डॉलर टाकून ते नाव लिलावात घेतले त्याच्या! एवढेच नव्हे, तर त्या ईमेलला जोडलेली बँकेची, समाजमाध्यमांची खाती ‘पासवर्ड विसरलो’ असे सांगून तो उघडू शकतो. नाव गेले म्हणजे फक्त पाटी गेली असे समजू नका. कार्यालयाच्या किल्ल्या आणि कपाटातल्या फायलीही गेल्या.

आमच्याकडे काय घडते?

आमच्या संस्थांची तऱ्हा ठरलेली आहे. १४ एप्रिल जवळ आला की कोणीतरी उत्साहाने संकेतस्थळाची कल्पना मांडतो. संगणक येणारा एखादा तरुण पुढे होतो. तो आपल्या स्वतःच्या ईमेलने, आपल्याच नावाने नोंदणी करतो. उद्घाटनाला हार-तुरे होतात, फोटो छापून येतात. दोन वर्षांनी तो तरुण नोकरीसाठी पुण्याला नाहीतर बंगळूरला जातो, किंवा संस्थेत गट पडतात आणि तो दुसऱ्या गटात जातो. नूतनीकरणाची सूचना कोणी न पाहणाऱ्या ईमेलवर येत राहते. एक दिवस संकेतस्थळ उघडत नाही. ‘सर्व्हर डाउन असेल’ असे म्हणून आणखी महिनाभर जातो. तेवढ्यात सोडवणुकीची मुदत संपलेली असते. मग कार्यकारिणी बसते ती एकमेकांवर खापर फोडायला.

यात त्या तरुणाचा दोष नाही. त्याने आपला वेळ आणि खिशातला पैसाही दिला. दोष पदाधिकाऱ्यांचा आहे. विहाराच्या जागेची कागदपत्रे आपण अध्यक्षांच्या कपाटात जपून ठेवतो, पण नावाची कागदपत्रे कोणाकडे आहेत हे सचिवालाही ठाऊक नसते.

ज्या माणसाने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला, त्याच्या वारसांना हे शोभते काय? ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची साधी जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. दुसऱ्याच्या जागेत आपल्याला उभे राहू दिले जात नाही, म्हणून स्वतःची जागा हवी, हा त्यातला धडा होता. म्हणूनच १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’, १९३० चे ‘जनता’, १९५६ चे ‘प्रबुद्ध भारत’ अशी एकामागून एक पत्रे बाबासाहेबांनी पैशाच्या ओढाताणीतही उभी केली. आज आमच्यातले पुष्कळ जण म्हणतात, ‘संकेतस्थळ कशाला हवे? फेसबुक आहे, यूट्यूब आहे.’ बांधवांनो, ती दुसऱ्याची ओसरी आहे. मालकाच्या मर्जीत आले तोवर बसायचे, नाहीतर उठायचे. डोमेन हा भाडेपट्टा असला तरी त्याच्या अटी लेखी आहेत आणि भाडे भरत राहिलो तर सहसा कोणी उठवत नाही.

अर्थात भाडेपट्ट्याचा जमीनदारही बदलू शकतो, हेही लक्षात ठेवावे. नोव्हेंबर २०१९ मध्ये डॉट ऑर्ग नावांचा संपूर्ण कारभार ‘इथॉस कॅपिटल’ या खासगी गुंतवणूक कंपनीला ११३ कोटी ५० लाख डॉलरला विकण्याचा घाट घातला गेला होता. डॉट ऑर्ग म्हणजे जगभरच्या सेवाभावी संस्थांची वसाहत. त्याच वर्षी या नावांच्या दरवाढीवरची मर्यादाही उठवण्यात आली होती. जगभरच्या संस्थांनी एकजुटीने विरोध केला आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने या विक्रीला परवानगी नाकारली. संघटित झाले तर या क्षेत्रातही विजय मिळतो, याचा हा पुरावा आहे.

कायदा काय म्हणतो?

भारतात डोमेनसाठी स्वतंत्र कायदा नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असा निर्णय दिला. त्याआधी १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहू’च्या नावाची नक्कल करणाऱ्याला मनाई केली होती. १९९९ पासून आयकॅनची तंटा निवारण पद्धतही आहे. तेथे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : ते नाव आपल्या चिन्हाशी मिळतेजुळते आहे, समोरच्याचा त्यावर कायदेशीर हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेऊन वापरले आहे. जिंकलात तर नाव परत मिळते, नुकसानभरपाई मिळत नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे असा दावा एका सदस्यापुढे चालवायचा तर नुसते शुल्कच १५०० डॉलर आहे. डॉट इन नावांसाठी निक्सीची वेगळी लवाद पद्धत आहे.

म्हणजे न्याय आहे, पण तो खर्चिक आहे, आणि ज्याच्याकडे नोंदणीकृत चिन्ह नाही त्याची बाजू तेथे लंगडी पडते. कंपन्यांचे वकील हे लढू शकतात. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाने काय करावे? दीड हजार डॉलर खर्चून परत मिळवण्यापेक्षा दीड हजार रुपये भरून नाव राखणे केव्हाही शहाणपणाचे.

मग आपल्या मुलांनी हा धंदा करावा काय?

काही तरुण हा प्रश्न विचारतात. आमचे उत्तर स्पष्ट आहे. जुनी नावे घेऊन विकणे हा गुन्हा नाही. सर्वसामान्य शब्दाचे नाव घेतले, चांगला भाव आला, विकले, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. व्यापार ही कोणा एका जातीची मक्तेदारी नाही. पण घरातला पैसा त्यात घालण्याआधी दोन गोष्टी तपासा. ते नाव कोणाचे व्यापारचिन्ह तर नाही ना? आणि त्या नावाचा पूर्वेतिहास काय? इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुनी पाने पाहता येतात. पूर्वी जुगार किंवा फसवणूक चाललेले नाव शोधयंत्रांच्या काळ्या यादीत असू शकते. असे नाव घेणे म्हणजे दुसऱ्याचे कर्ज आपल्या अंगावर घेणे होय.

मात्र फुले, शाहू, आंबेडकर, बुद्ध, रमाई, सावित्री ही नावे आधी अडवून ठेवायची आणि मग आपल्याच संस्थांकडे लाखाची मागणी करायची, हा धंदा नव्हे. हा समाजद्रोह आहे. अशी नावे ज्यांच्याकडे पडून असतील त्यांनी ती काम करणाऱ्या संस्थांना मूळ खर्चात द्यावीत.

करण्यासारखे

काम फार अवघड नाही. नोंदणी संस्थेच्या नावाने असावी, व्यक्तीच्या नव्हे. ईमेल संस्थेचा असावा, तो किमान दोन पदाधिकारी पाहत असावेत, आणि तो त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडले की तोही बंद पडतो. नाव पाच किंवा दहा वर्षांसाठी एकदम घ्यावे. नाव परस्पर हलवता येऊ नये म्हणून कुलूप लावण्याची सोय असते, ती सुरू ठेवावी. मुदतीची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहावी आणि दरवर्षी जयंतीच्या हिशेबाबरोबर कोषाध्यक्षाने ती वाचून दाखवावी. संकेतस्थळ बंद करायचे ठरले तरी नाव लगेच सोडू नये. त्या पत्त्याला जोडलेली सर्व खाती आधी बदलावीत आणि काही वर्षे भाडे भरत राहावे.

आणि ज्यांचे नाव गेल्या काही दिवसांतच सुटले असेल, त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर आधी नोंदणी कंपनीला फोन करावा. ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत कदाचित अजून शिल्लक असेल. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय हाच घ्या : आपले नाव कोणाच्या नावावर आहे?

जय भीम!